रूपांतरित खडक: नुसतं 'उष्णता आणि दाब' म्हणून भागत नाही

रानभूल
नमस्कार मंडळी. खडकांचे तीन प्रकार शाळेत सगळेच शिकतात: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. पहिल्या दोघांचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. लाव्हा थंड झाला, गाळ साचला, संपलं. तिसऱ्याच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं, 'उष्णता व दाब यांमुळे मूळ खडकाचे स्वरूप बदलते'. मग चुनखडीचा संगमरवर, वालुकाश्माचा क्वार्टझाइट अशा जोड्या पाठ करायच्या.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जमिनीखाली नेमकं होतं काय? आणि दगड हातात आल्यावर तो रूपांतरित आहे हे ओळखायचं कशावरून? माझ्याकडे सध्या दोन आहेत. एक चकाकणारा, त्यात लालसर दाणे, दुसरा पांढराशुभ्र. फोटो चढवायला बघतोय, चढत नाहीत. विचाराल तसं वर्णन करतो.

अभ्रकी
चांगला धागा. वाचतेय.

कातळमामा
जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. रूपांतरणात खडक वितळत नाही. वितळला की तो शिलारस झाला, आणि शिलारस थिजला की मिळतो तो अग्निजन्य खडक. रूपांतरणाचा सगळा खेळ खडक घन असतानाच चालतो. गाळाच्या खडकांत साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो सुरू होतो. वरची हद्द खडकावर अवलंबून असते. पाणी हाताशी असेल तर ग्रॅनाइटच्या घडणीचा खडक ६५० अंशांच्या थोडं पुढे वितळायला लागतो, कोरडा असेल तर ९०० अंशांतही तग धरू शकतो.

भूकवचात खाली जाऊ तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. दाबाचं म्हणाल तर १० किलोमीटर खोलीवर तो आपल्या हवेच्या दाबाच्या अडीच हजार पटींहून जास्त असतो. पण हा सगळ्या बाजूंनी सारखा येणारा दाब आहे. त्याने खनिजं घट्ट होतात, नवी दाट खनिजं तयार होतात, तरी खडकाला दिशा मिळत नाही. दिशा मिळते ती एका बाजूने जास्त रेटा असला की, म्हणजे दोन भूपट्टांच्या टकरीत डोंगर उभे राहतात तिथे. अभ्रकासारखी चपटी खनिजं मग त्या रेट्याला काटकोनात वाढतात किंवा वळतात, आणि सगळा खडक थराथरांचा दिसायला लागतो. रूपांतरित खडक ओळखताना निम्म्या वेळा आपण हीच दिशा शोधत असतो.

तिसरा गडी पाणी. पुस्तकातल्या त्या वाक्यात त्याचं नाव नसतं आणि मला ते खटकतं. चिकणमातीच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. तापलं की ते सुटतं, कणांच्या फटींतून फिरतं आणि अणूंची ने-आण करतं. कोरड्या खडकात तीच रासायनिक क्रिया इतकी रेंगाळते की झालीच नाही असं वाटावं.

आणि कच्चा माल विसरू नका. शुद्ध क्वार्ट्झच्या (म्हणजे नुसत्या सिलिकेच्या) वालुकाश्माला कितीही तापवा, त्यातून गार्नेटसारखं खनिज निघणार नाही, कारण त्यात ॲल्युमिनियम, लोह काहीच नाही. तो क्वार्टझाइटच होणार. उलट चिकणमातीच्या खडकात सगळे मसाले आहेत, म्हणून तो प्रत्येक टप्प्यावर नवं खनिज दाखवतो.

चौकस
मामा, वितळत नाही हे कळलं. पण घन पदार्थात अणू जागचे हलतात कसे आणि नवं खनिज तयार होतं कसं, हे पटत नाही. कुणी करून बघितलंय का?

कातळमामा
बघितलंय, आणि फार पूर्वी. स्कॉटलंडच्या सर जेम्स हॉलने १८०० च्या आसपास बंदुकीच्या नळीत चुनखडीची पूड भरली, नळी पक्की बंद केली आणि भट्टीत तापवली. उघड्यावर चुनखडी तापवली तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. नळी बंद असल्यामुळे वायूला वाट नव्हती, दाब चढत गेला, आणि काही प्रयोगांत आतून निघाला संगमरवरासारखा स्फटिकमय घट्ट दगड. पुष्कळ नळ्या फुटल्याही. भूवैज्ञानिक जेम्स हटनचं म्हणणं होतं की खोलवर दाबाखाली उष्णतेचे परिणाम वेगळे होतात. हॉलने ते भट्टीत दाखवलं.

अणू हलतात ते मुख्यतः कणांच्या सीमांवरून. तिथे पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. एका कणावर जिथे रेटा जास्त, तिथलं खनिज विरघळतं आणि रेटा कमी असलेल्या बाजूला पुन्हा जमतं. वेग नगण्य, पण वेळ काही लाख ते काही कोटी वर्षांचा असतो.

खडू_आणि_पाटी
मी मुलांना चिकणमातीच्या खडकाचीच साखळी शिकवते, कारण ती हाताने अनुभवता येते. शेल, मग स्लेट, मग फिलाइट, शिस्ट आणि शेवटी नीस.

शेल आणि स्लेट दोन्ही काळपट, दोन्ही बारीक कणांचे, दोन्ही थरांत फुटतात. हातोडीने हलकेच वाजवा. शेल बद्द आवाज करतो, चांगली स्लेट खणखणते. ओलं केल्यावर शेलला मातीचा वास येतो. फिलाइटमध्ये कण अजूनही डोळ्यांना दिसत नाहीत, पण पृष्ठभागावर रेशमी चमक येते आणि बारीक सुरकुत्या दिसतात. अभ्रकाच्या पापड्या सुट्या सुट्या दिसायला लागल्या, नखाने उचकटता आल्या, की शिस्ट. पुढे फिकट आणि गडद खनिजं वेगवेगळ्या पट्ट्यांत जमली की नीस.

ठोकताळा
स्लेटचे थर म्हणजे मूळ गाळाचेच थर ना? आधी गाळ थराथरांनी साचला, तेच पुढे घट्ट झाले.

खडू_आणि_पाटी
नाही हो, तिथेच गंमत आहे. स्लेट ज्या पातळीवर फुटते ती रेट्यामुळे नंतर आलेली असते. मूळ थर कधीकधी त्याच तुकड्यावर रंगाच्या तिरप्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात आणि फुटण्याची पातळी त्यांना छेदून जाते. असा तुकडा सापडला तर जपून ठेवा, समजावून सांगायला त्याच्यासारखं साधन नाही. स्लेटमधले जीवाश्मही बघा, पुष्कळदा एका बाजूने दाबून लांबुळके झालेले असतात. शिंपला मुळात किती गोल होता हे माहीत असेल तर खडक किती चेपला गेला याचा हिशेबसुद्धा मांडता येतो.

रानभूल
वा! मग माझा पहिला दगड शिस्टच असणार. रुपेरी पापड्या, नखाने सुटतात, हाताला चमक लागते. लालसर दाणे मसुराहून थोडे मोठे आहेत, गडद. चाकूने त्यांच्यावर ओरखडा उमटत नाही. एका कडेला निळसर, चपट्या, लांब पट्ट्याही आहेत, त्या आधी लक्षातच आल्या नव्हत्या.

कातळमामा
निळ्या पट्ट्या? मग हा दगड बराच बोलका आहे.

लाल दाणे गार्नेट असावेत. भिंगातून बघा, समभुज चौकोनी पैलू दिसले तर शंकाच नको. आता दगड आडवा धरून कडेने बघा. अभ्रकाच्या पापड्या गार्नेटपाशी येऊन, ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तशा, दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेल्यात का? गेल्या असतील तर गार्नेट वाढल्यानंतरही रेटा चालू होता. पापड्यांच्या रेघा सरळ गार्नेटच्या आरपार जाताना दिसल्या तर दिशा आधी ठरली होती, गार्नेट नंतर तिच्यावर वाढला. कित्येक गार्नेट वाढता वाढता फिरतात आणि पोटातल्या बारीक कणांच्या ओळी नागमोडी होतात, पण ते पाहायला दगडाचा पातळ काप लागतो.

निळ्या पट्ट्या कायनाइट असाव्यात. चाचणी सोपी आहे. पट्टीच्या लांबीच्या दिशेने पोलादी टोकाने ओरखडा काढा, उमटेल. त्याच पट्टीवर आडवा काढा, उमटणार नाही. काठिण्याच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर लांबीच्या दिशेने ते ५ च्या आसपास, आडवं ६.५ ते ७. एकाच स्फटिकात इतका उघड फरक असलेलं दुसरं खनिज सहसा तुमच्या हाती लागणार नाही.

रानभूल
केलं! लांबीच्या दिशेने ओरखडा स्पष्ट, आडवा काहीच नाही. उलट पोलादाचीच करडी रेघ उमटली. गार्नेटला पैलूही आहेत. पापड्या वळसा घालून जातात.

अभ्रकी
अभिनंदन. म्हणजे गार्नेट-कायनाइट शिस्ट. पण मामा, 'बोलका' कसा तेही सांगा ना.

कातळमामा
सांगतो. कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या तिघांचं रासायनिक सूत्र अगदी एक आहे. फरक फक्त अणूंच्या मांडणीत. दाब कमी असेल तर अँडालुसाइट, दाब जास्त असेल तर कायनाइट, तापमान जास्त असेल तर सिलिमनाइट. तिन्हींच्या सीमा साधारण ५०० अंश आणि ४ किलोबारच्या आसपास एका बिंदूत मिळतात. एक किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजार पट. चार किलोबार म्हणजे सुमारे १४-१५ किलोमीटर खोली. तुमच्या दगडात कायनाइट गार्नेटसोबत शांतपणे नांदतोय, म्हणजे तो या बिंदूच्या जास्त दाबाच्या बाजूला घडला असावा. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, नुसत्या निळ्या पट्टीवरून इतकं सांगता येतं.

भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरोने १८९३ मध्ये स्कॉटिश हायलँड्समध्ये याच युक्तीने नकाशा केला. मूळ खडक सगळीकडे चिकणमातीचा, पण एका दिशेने चालत गेलं की नवनवी खनिजं पहिल्यांदा उगवतात. त्याने सुरू केलेलं काम पुढे इतरांनी पुरं केलं आणि क्रम ठरला: क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. नकाशावर या खनिजांच्या रेषा आखल्या की खाली तापमान कुठे वाढत होतं ते उलगडत जातं.

भिंगवाला
पांढऱ्या दगडाचं राहिलं की. मी सांगतो, कारण यात सगळ्यात जास्त घोळ होतात.

पांढरा, घट्ट, थर नसलेला दगड म्हणजे संगमरवर किंवा क्वार्टझाइट. लांबून दोन्ही सारखेच. काचेचा जुना तुकडा घ्या आणि दगडाच्या कोपऱ्याने त्यावर जोर देऊन रेघ ओढा. क्वार्टझाइटचं काठिण्य ७, काचेचं साडेपाचच्या आसपास. काच कापली जाते. संगमरवराचं ३ च आहे, तो काचेवर नुसता पांढरा भुगा सोडतो आणि पुसलं की काच जशीच्या तशी. मग खात्रीसाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. कॅल्साइटचा (चुनखडीतल्या मुख्य खनिजाचा) संगमरवर जोरात फसफसतो. डोलोमाइटचा (मॅग्नेशियम असलेल्या तशाच खनिजाचा) असेल तर गप्प बसतो, पण चाकूने खरवडून भुगा केला आणि त्यावर थेंब टाकला की हळूच फसफसतो. आम्ल नसेल तर व्हिनेगर चालेल, मात्र भुग्यावर आणि भिंगातून बघायचं, बुडबुडे अगदी बारीक येतात. आम्ल वापरलंत तर डोळ्यांवर चष्मा आणि नंतर दगड धुवायचा.

ताजं फुटलेलं तोंडही बघा. संगमरवरात प्रत्येक कण सपाट तोंडाने चमकतो, दगड उन्हात फिरवला की ठिणग्या इकडून तिकडे सरकल्यासारख्या दिसतात. क्वार्टझाइटची चमक काचेसारखी, तेलकट, आणि सपाट तोंडं नाहीत.

ठोकताळा
आणि साधा वालुकाश्म की क्वार्टझाइट, हे कसं ठरवायचं? पक्का वालुकाश्मही कठीणच असतो.

भिंगवाला
फुटतो कुठून ते बघा. वालुकाश्म कणाकणांच्या मधून फुटतो, कारण कणांपेक्षा त्यांना धरून ठेवणारा गारा कच्चा असतो. तोंड खरखरीत लागतं, घासलं तर वाळू सुटते. क्वार्टझाइटमध्ये कण पुन्हा स्फटिक होऊन एकमेकांत घट्ट बसलेले असतात, भेग कणांच्या आरपार जाते आणि तोंड गुळगुळीत येतं. मधल्या अवस्थेतले दगड असतातच, तिथे भांडत बसू नये. सिलिकेने पक्का जोडलेला वालुकाश्म रूपांतरण न होताही असाच फुटू शकतो, मग तो ज्या खडकांच्या सोबतीने आहे ते बघून ठरवावं लागतं.

रानभूल
काच कापली गेली. क्वार्टझाइट!

हिरवळ
मी साधा हिशेब ठेवते. पांढरा तो संगमरवर, हिरवा तो सर्पेंटिनाइट, काळा तो ॲम्फिबोलाइट. बहुतेक वेळा बरोबर येतं.

भिंगवाला
रानभूल यांचा पांढरा दगड आत्ताच क्वार्टझाइट निघाला, ताई. :)

हिरव्याचंच घ्या. पेरिडोटाइटसारख्या खोल खडकात पाणी शिरून झालेला सर्पेंटिनाइट हिरवा. क्लोराइटचा शिस्ट हिरवा. क्रोमियमयुक्त अभ्रक असलेला क्वार्टझाइट हिरवा. तिघांचे मूळ खडक वेगळे, घडण वेगळी. पहिला बोटाला ओशट लागतो आणि चाकूने ओरखडतो, दुसरा पापुद्र्यांत सुटतो, तिसरा काच कापतो. 'हिरवा संगमरवर' म्हणून फरशीत बसवलेला दगड पुष्कळदा सर्पेंटिनाइटच असतो, त्यात कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा असल्या तर आम्लाचा थेंब शिरेवर फसफसतो आणि माणूस फसतो. थेंब हिरव्या भागावर टाकायचा.

एक सूचना गंभीरपणे. सर्पेंटिनाइटमध्ये तंतुमय पांढरट-हिरव्या शिरा दिसल्या तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. फोडू नका, घासू नका, धूळ उडवू नका.

अभ्रकी
नीस आणि ग्रॅनाइटमध्ये माझी गल्लत होते. खनिजं तीच: क्वार्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक.

कातळमामा
खनिजं तीच असतात, कारण पुष्कळ नीस मुळात ग्रॅनाइटच होते. काळे कण बघा. ग्रॅनाइटमध्ये ते विखुरलेले, कुठलीही दिशा न धरलेले. नीसमध्ये ते ओळीत आणि पट्ट्यांत. पण दगड एकाच बाजूने बघून निकाल देऊ नका. पट्ट्यांच्या पातळीवरूनच फुटला असेल तर वरून तो अगदी ग्रॅनाइट वाटतो, कडेने बघितलं की पट्टे उघडे पडतात. आणि शिस्टसारखा तो पापुद्र्यांत सुटत नाही, पट्टे असूनही धोंड्यासारखा फुटतो.

पट्टे फार वाकडेतिकडे, त्यात फिकट ग्रॅनाइटसारख्या गाठी आणि शिरा असतील तर तो मिग्मटाइट. तिथे खडक अर्धवट वितळलेला असतो. रूपांतरित म्हणायचा की अग्निजन्य, यावर पूर्वी मोठे वाद झालेत. माझ्या मते तो दोन्ही आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जाता जाता: कॅनडातल्या अकास्टा नीसमधल्या झिरकॉन या खनिजाचं वय सुमारे ४०० कोटी वर्षं आहे. पृथ्वीच्या सगळ्यात जुन्या ज्ञात खडकांत त्याची गणना होते.

चौकस
माझी एक शंका जात नाहीये. खडक खाली गेला, तापला, नवी खनिजं झाली, मान्य. पण आपल्या हातात यायला त्याला पुन्हा वर यावं लागतं. येताना तापमान, दाब दोन्ही कमी होणार. मग त्याच वाटेने उलट्या क्रिया होऊन तो परत चिकणमाती का होत नाही? तसं झालं असतं तर आपल्याला रूपांतरित खडक दिसायलाच नको होते.

कातळमामा
या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

एक कारण पाणी. खाली जाताना खनिजांतलं पाणी सुटून वरच्या दिशेने निघून गेलेलं असतं. उलट क्रियेला तेच पाणी परत हवं, आणि ते आता नाही. दुसरं कारण वेग. तापमान उतरलं की अणूंची हालचाल झपाट्याने मंदावते, त्यामुळे खडक जवळपास आपल्या सर्वांत तापलेल्या अवस्थेतच अडकून पडतो. जिथे भेगांतून पाणी पुन्हा शिरतं तिथे उलटं रूपांतरण होतंच. तुमच्या गार्नेटच्या कडांवर हिरवट क्लोराइट दिसतो का बघा, तो असाच आलेला असतो.

याचं टोकाचं उदाहरण आल्प्समधल्या डोरा माइरा या डोंगराळ भागाचं. तिथल्या गार्नेटमध्ये भूवैज्ञानिक ख्रिस्तियाँ शोपॅ यांना कोएसाइट सापडलं, १९८४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचंच अतिदाट रूप, ते व्हायला सुमारे ९० किलोमीटरची खोली लागते. मूळ खडक भूकवचाचा, म्हणजे पृष्ठभागाजवळचा खडक तेवढा खाली जाऊन परत आला! वर येताना कोएसाइटचं बरंचसं पुन्हा क्वार्ट्झ झालं. क्वार्ट्झला जागा जास्त लागते, म्हणून त्या कणाभोवतीच्या गार्नेटला चहूबाजूंनी तडे गेलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पण गार्नेटने आवळून धरल्यामुळे थोडं कोएसाइट तसंच उरलं. गार्नेटबाहेरच्या खडकातलं सगळं गेलं.

चौकस
तडे हाच पुरावा! पटलं. धन्यवाद मामा.

खडू_आणि_पाटी
डोंगरांच्या पट्ट्याबाहेरही रूपांतरण होतं हे नोंदवून ठेवते. शिलारस घुसला की त्याला खेटलेला खडक भाजून निघतो आणि हॉर्नफेल्स होतो. बाजूचा रेटा नसल्यामुळे त्याला थर नाहीत. अशनीच्या आघातानेही होतं: लोणारला बेसॉल्टमधल्या फेल्स्पारची धक्क्याने, वितळल्याशिवाय, काच झालेली आहे, तिला मास्केलिनाइट म्हणतात.

हिरवळ
रंगाचा नाद सोडते, पण काळ्या दगडाचं सांगाच. बेसॉल्ट, ॲम्फिबोलाइट, हॉर्नफेल्स, तिन्ही काळे, कठीण, जड. कसे वेगळे करायचे?

भिंगवाला
ॲम्फिबोलाइट त्यातल्या त्यात सोपा. बेसॉल्ट खोलवर तापून ५०० अंशांच्या पुढे गेला की त्यात हॉर्नब्लेंड वाढतं. भिंगाखाली काळ्या, चकचकीत, लांबट कांड्या दिसतात, पुष्कळदा एकाच दिशेला झोपलेल्या, मधे पांढरं फेल्स्पार. बेसॉल्टमध्ये वायूच्या पोकळ्या किंवा त्यांत भरलेली पांढरी खनिजं दिसली तर प्रश्नच मिटला.

हॉर्नफेल्स मात्र सुट्या तुकड्यावरून सांगणं अवघड. कण इतके बारीक असतात की भिंग हात टेकतं. फोडायला चिवट, तुकडे धारदार निघतात, एवढीच खूण. तो मुक्कामावर ओळखायचा: ग्रॅनाइटच्या सीमेपाशी उभं राहून बाहेर चालत जा, खडक मऊ होत होत साधा शेल लागला तर मधला कडक पट्टा हॉर्नफेल्सचा. सुटा तुकडा हाती आला असेल तर ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली घालावा लागेल. आणि पुढच्या वेळी तुकडा उचलताना तो कशाच्या शेजारी होता ते कागदावर लिहून दगडासोबतच बांधून ठेवा.